बालगंधर्व आणि प्रभात : एका चित्रपटापुरती भागीदारी

किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून नारायणराव राजहंस, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली, ही हकीकत आपल्या वाचकांस तोंडपाठ असेल. श्रीमंत सयाजीराव महाराजांचा आश्रय या मंडळीस होता, आणि मुंबईहून बडोद्यास जाण्याची लोहमार्गाची वाट आपल्या सचिन-सुरतेवरूनच होती. याच मंडळीच्या मालकांनी पुढे एका चित्रसंस्थेशी मांडलेला डाव मात्र चरित्रकार बहुधा दोन ओळींत उरकतात.

बोलपट १९३१ साली आला. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये खुद्द टेंबे हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले. कर्जाने वाकलेल्या नारायणरावांनी अखेर मंडळीचे प्रयोग थांबवून प्रभातशी भागीदारी केली. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम, आणि हेच शांताराम लहानपणी काही काळ गंधर्व मंडळीत उमेदवारी करून गेलेले! संगीत मास्टर कृष्णरावांचे. तेही त्याच मंडळीतले. म्हणजे माणसे घरचीच होती, घर तेवढे बदलले होते.

चित्रपट एकनाथांवर होता व त्याचा रोख अस्पृश्यतेवर होता. ‘महात्मा’ हे नाव परिनिरीक्षकांनी चालू दिले नाही, म्हणून १९३५ साली तो ‘धर्मात्मा’ या नावाने पडद्यावर आला. सत्तेचाळिशीतले नारायणराव त्यात एकनाथ झाले. ज्यांच्या शालूची आणि नथीची नक्कल घरोघरच्या स्त्रियांनी केली, त्यांना पुरुषवेषात पाहणे प्रेक्षकांस रुचले नाही, असे सर्रास सांगितले जाते. मला हे कारण अपुरे वाटते. ‘वन्समोअर’च्या गजरात एकच पद नवनव्या अंगाने रंगविणाऱ्या गायकास तुकड्यातुकड्यांचे चित्रण, मोजलेली मिनिटे आणि समोर श्रोता नाही, हे मानवणारे नव्हते. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे कराराची कलमे मी आधी पाहतो; पण ही अडचण कोणत्याच कलमात बसणारी नव्हती. एका चित्रपटानंतर भागीदारी संपली.

प्रभातला हवा असलेला गाणारा संत पुढच्याच वर्षी विष्णुपंत पागनीसांत सापडला. तेही पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. परंतु त्यांच्यामागे गंधर्वांएवढी कीर्ती नव्हती, आणि कदाचित म्हणूनच ते तुकाराम होऊ शकले. ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षाहून अधिक चालला व १९३७ साली व्हेनिसला गौरविला गेला.

त्याच वर्षी नारायणराव ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा स्त्रीवेषात पडद्यावर आले, तेही फारसे कोणाच्या स्मरणात राहिले नाही. त्यांनी मंडळी पुन्हा उभी केली. १९३८च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी तीत आल्या. जुन्या सहकाऱ्यांपैकी कित्येकांस हे पसंत पडले नाही. नायिकेचा शालू गोहरबाईंकडे गेला आणि प्रभातने जे मागितले होते ते, म्हणजे पुरुषभूमिका, नारायणराव आता आपल्याच रंगमंचावर करू लागले.