दंडाची पावती आणि साक्षांकन नमुना : मुंबई उपनगरांतील किरकोळ गुन्ह्याचा उत्तरेतिहास

मुंबई उपनगरांचा इतिहास बहुधा लोकलगाड्या, कारखाने आणि गृहनिर्माण संस्था यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु येथे नोकरी शोधणाऱ्या माणसाला ज्या कागदांतून जावे लागले त्यांचाही एक इतिहास आहे, आणि त्यात पूर्वी झालेली अटक, दंड वा शिक्षा यांविषयीच्या एका प्रश्नाला मोठे स्थान आहे. किरकोळ गुन्हा, म्हणजे ज्याचा शेवट सामान्यतः दंडात, समज देण्यात किंवा बंधपत्रात होतो असा गुन्हा, न्यायालयापुढे एका दुपारीत निकाली निघत असे. नोकरीच्या अर्जात मात्र त्याला मुदत नव्हती.

ठाणे जिल्ह्यातील साष्टीच्या भागातून १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा करण्यात आला, तेव्हा मुंबई शहरासाठी १९०२चा आणि शहराबाहेरील मुलखासाठी १८९०चा असे दोन निराळे पोलीस कायदे होते. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आले, आणि याच काळात, १९५१ साली, दोन्ही पोलीस कायद्यांची जागा मुंबई पोलीस कायद्याने घेतली. रस्त्यात गोंधळ घालणे, शिवीगाळ करणे, शांतता बिघडेल असे वागणे यांसाठी या कायद्यातील कलमे ११०, ११२ आणि ११७ पोलीस ठाण्यांच्या रोजच्या वापरात आली. १९४९च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून मद्य बाळगणे व पिणे हाही गुन्हा ठरवला होता. उपनगरी जीवनातून उपजलेला खास गुन्हा मात्र रेल्वेचा होता. रुळाच्या दोन्ही अंगांना वस्ती वाढत गेली आणि पूर्व-पश्चिम जाण्यासाठी रूळ ओलांडणे हजारोंच्या अंगवळणी पडले. पण १९८९च्या रेल्वे कायद्याचे कलम १४७ या कृतीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगते.

अशा प्रकरणांचा निकाल ‘संक्षिप्त खटल्या’ने लागत असे, म्हणजे साक्षीपुराव्याचा केवळ सारांश नोंदवून खटला झटपट संपवण्याची पद्धत, जिच्यात तीन महिन्यांहून अधिक कैद देता येत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि विक्रोळी येथील दंडाधिकारी न्यायालयांत तसेच रेल्वे दंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहिलेला माणूस बहुधा गुन्हा कबूल करून, दंड भरून, कामावरचा पुढचा खाडा वाचवत असे. आपण ‘दोषी’ ठरलो आहोत, ही जाणीव त्या पावतीतून क्वचितच होई. तिकीट तपासनीसाला जागेवर भरलेले जादा भाडे आणि न्यायालयात भरलेला दंड या कायद्याच्या दृष्टीने निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दोषसिद्धी नसते, दुसरीत असते. पोलीस ठाण्याच्या बोलीत ‘एन.सी.’ म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, जिचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून होत नाही. आणि ‘चॅप्टर केस’ म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखाली शांतता राखण्यासाठी घेतलेले बंधपत्र, जी शिक्षा नसून प्रतिबंधक कारवाई आहे. हे भेद कायद्यात स्पष्ट असले, तरी चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या व्यवहारात त्या सर्वांना ‘केस’ हा एकच शब्द होता.

साक्षांकन नमुना, म्हणजे निवड झालेल्या उमेदवाराने आपल्या पूर्वचारित्र्याची माहिती स्वतःच्या सहीने द्यावयाचा शासकीय अर्ज, हे भेद जाणत होता; पण त्याने त्यांतले जवळजवळ सर्व एकाच प्रश्नमालिकेत ओवले. केंद्र शासनाच्या नमुन्यात अटक, खटला, स्थानबद्धता, बंधपत्र, न्यायालयाने केलेला दंड, दोषसिद्धी आणि प्रलंबित प्रकरण यांची वेगवेगळी विचारणा होते, आणि माहिती लपवल्यास उमेदवार अपात्र ठरू शकेल, असा इशारा आरंभीच दिलेला असतो. त्यामुळे चॅप्टर केसचे बंधपत्र किंवा रूळ ओलांडल्याचा दंड आठवला नाही, अथवा सांगण्याजोगा वाटला नाही, की मूळ गुन्ह्यापेक्षा न सांगणे हाच मोठा दोष होऊन बसे.

सुधारणेचा प्रवाह याच प्रांतात लवकर सुरू झाला होता. मुंबई प्रांताने १९३८ साली परिवीक्षेचा, म्हणजे अपराध्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवण्याचा, कायदा केला. १९५८च्या केंद्रीय कायद्याने ही व्यवस्था देशव्यापी केली आणि त्याच्या कलम १२ने दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता दूर केली. परंतु १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने चेल्लप्पन प्रकरणात स्पष्ट केले की या कलमाने अपात्रता जाते, दोषसिद्धी पुसली जात नाही. नोंदच नाहीशी करण्याचा उदारपणा कायद्याने केवळ अल्पवयीनांपुरता दाखवला. बाल न्याय कायद्याच्या २००० आणि २०१५ या दोन्ही आवृत्त्यांत तशी तरतूद आहे, जरी गंभीर गुन्ह्यांना पुढे अपवाद झाला.

प्रौढांचा प्रश्न न्यायालयांवर सोडला गेला, आणि तेथे माहिती लपवणाऱ्या उमेदवाराविषयी दीर्घकाळ दोन मते राहिली. १९९६ आणि २००३ च्या निकालांत विश्वासार्हतेला प्राधान्य मिळाले. २०११ साली संदीप कुमार प्रकरणात तरुणपणीच्या चुकीकडे क्षमाशील दृष्टीने पाहण्याची भूमिका घेतली गेली. २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा गुंता सोडवला. तरुण वयातील घोषणाबाजीसारखे क्षुल्लक प्रकरण लपवले गेले असेल, तर नियोक्ता ते दुर्लक्षू शकतो. प्रश्न मोघम नसावा, आणि जे नेमके विचारले तेवढेच न सांगणे लपवणे ठरते. मात्र सत्य सांगितले म्हणून नियुक्तीचा हक्क उत्पन्न होत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. म्हणजे क्षमा शक्य झाली. पण ती नियोक्त्याच्या विवेकावर सोपवली गेली.

दरम्यान उपनगरांतील रोजगार बदलला होता. अंधेरीत १९७३ साली सीप्झ हे निर्यातक्षेत्र उभे राहिले, सहारच्या विमानतळाभोवती प्रवेशपत्राची कामे वाढली, आणि पोलीस पडताळणी सरकारी नोकरीपुरती राहिली नाही. २००५च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याने पहारेकऱ्याच्या चारित्र्याची खातरजमा बंधनकारक केली. २००६ साली सॉफ्टवेअर उद्योगाच्या नॅसकॉम या संघटनेने कर्मचाऱ्यांच्या पडताळणीची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आणि रिक्षाचालकाला बॅज मिळवण्यासाठीही पोलिसांचा दाखला लागू लागला. ज्या वर्गाला रस्त्यावरच्या कलमांचा उपद्रव सर्वाधिक, त्याच वर्गाच्या उपजीविकेच्या दारांवर दाखला मागितला जाऊ लागला.

करोनाकाळात हा प्रश्न मध्यमवर्गापर्यंत पोहोचला. टाळेबंदीत आदेशभंगासाठी भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली नोंदलेली प्रकरणे विद्यार्थ्यांच्या नोकरी व पारपत्राच्या आड येतील, या कारणाने ती मागे घेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२२ साली जाहीर केला. त्याच वर्षी संसदेने केलेल्या ओळख-नोंदींच्या कायद्याने मात्र बोटांचे ठसे इत्यादी मापे पंच्याहत्तर वर्षे जपण्याची तरतूद केली. पूर्वी दोषी न ठरलेल्याची मापे निर्दोष सुटकेनंतर नष्ट होतात, किरकोळ दोषसिद्धाची होत नाहीत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने काही लहान गुन्ह्यांसाठी सामाजिक सेवेची शिक्षा आणली. शिक्षा सौम्य झाली, नोंद मात्र टिकाऊ झाली.

ब्रिटनने १९७४ साली कायदा करून ठरावीक काळानंतर जुनी दोषसिद्धी ‘संपलेली’ मानली. भारतात प्रौढ नागरिकासाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. तो होईपर्यंत उपनगरातील उमेदवाराने दंडाची पावती आणि निकालाची प्रत जपून ठेवावी, ‘केस’ या शब्दामागे नेमके काय आहे हे समजून घ्यावे, आणि विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर लिहावे, हाच सुरक्षित मार्ग आहे. कारण किरकोळ गुन्ह्याला न्यायालयाने क्षमा केल्याची उदाहरणे आहेत, पण लपवल्याचे स्पष्टीकरण नेहमी उमेदवारालाच द्यावे लागले आहे.