पाचगणीची शाळा आणि ‘क्वीन’ : एका ब्रिटिश रॉक बँडच्या जडणघडणीचा आरंभ

प्रस्तावना

‘बँड’ हा शब्द वऱ्हाडात उच्चारला की लग्नाच्या वरातीपुढे वाजत चालणारा ताफा डोळ्यांसमोर येतो. रॉक संगीतातील बँड ही निराळी गोष्ट आहे. चार-पाच तरुणांनी एकत्र यायचे, गाणी स्वतः रचायची, स्वतःच वाजवायची-गायची आणि मिळेल त्या सभागृहात सादर करायची, अशी ही एक लहानशी स्वायत्त मंडळी असते. अशा मंडळीचा इतिहास लिहिताना आरंभ कोठून धरावा? नाव धारण केल्याच्या दिवसापासून, पहिल्या जाहीर कार्यक्रमापासून, की पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून? राजघराण्याच्या इतिहासात राज्याभिषेकाची तिथी सापडते; येथे तशी सोय नाही.

‘क्वीन’ या ब्रिटिश बँडच्या बाबतीत हा प्रश्न महाराष्ट्रातील अभ्यासकाला अधिक जवळचा आहे. या बँडची कथा बहुधा १९७० च्या लंडनपासून सांगितली जाते आणि त्यातील मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे भारतातील शालेय जीवन दोन-चार परिच्छेदांत आटोपते. आपल्याकडे नेमके उलट घडते. सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या शाळेत या गायकाने पहिला बँड उभा केला, तेव्हा क्वीनचे मूळ पाचगणीतच, असे अभिमानाने सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही मांडण्या अपुऱ्या आहेत. क्वीनच्या चारही सदस्यांच्या पूर्वायुष्यात एक समान गोष्ट आढळते, ती म्हणजे शाळकरी वयातला बँड. पाचगणीचे खरे महत्त्व या समानतेच्या संदर्भातच कळते. त्या दृष्टीने उपलब्ध माहितीची मांडणी करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

झांझिबार ते पाचगणी

फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारोख बल्सारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर झाला. घराणे पारशी, आडनाव गुजरातमधील बलसाड, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून आलेले. वडील बोमी बल्सारा झांझिबारच्या उच्च न्यायालयात रोखपाल होते. झांझिबार १८९० पासून ब्रिटिश संरक्षणाखाली होते. सिंहासनावर सुलतान, प्रत्यक्ष कारभार इंग्रजांचा. वऱ्हाडच्या वाचकाला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १८५३ नंतर आपला प्रांतही नावाला निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा होता, आणि १९०२ च्या कायम पट्ट्याने तर ती विसंगती पक्की झाली. अशा दुहेरी सत्तेच्या प्रदेशांत पारशी समाज व्यापार, हिशेब आणि कचेरी या तिन्ही वाटांनी पसरला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईकडे नेणाऱ्या व्यापाऱ्यांमध्ये पेस्तनजींची पारशी पेढी अग्रभागी होती. बल्सारा कुटुंबाचे समुद्रापलीकडचे स्थलांतर त्याच प्रवाहातले, केवळ पुढच्या काळातले आणि चाकरीच्या वाटेचे.

मुलाला वयाच्या आठव्या वर्षी शिक्षणासाठी भारतात पाठवण्यात आले. त्यासाठी पाचगणीच का निवडली असावी, याचे उत्तर त्या गावाच्या घडणीतच आहे. वाईहून पसरणीचा घाट चढून गेल्यावर लागणारे हे थंड हवेचे ठिकाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाच्या प्रयत्नांतून वसले. निरोगी हवेमुळे प्रथम आरोग्यधामे आली आणि पाठोपाठ वसतिगृहयुक्त इंग्रजी शाळा. पारशी कुटुंबांचा येथील राबता जुना. ‘पारशी पॉइंट’ हे नाव आजही त्याची साक्ष देते. साम्राज्य गेले तरी त्याच्या शाळा राहिल्या. सेंट पीटर्स ही त्यांपैकीच एक. येथे फारोखचा ‘फ्रेडी’ झाला. सुट्टीत तो मुंबईला आजी आणि आत्या-मावश्यांकडे राहत असे. आई-वडिलांची भेट मात्र दुर्मीळ.

शाळेत त्याला पियानोचे रीतसर शिक्षण मिळाले आणि चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा तो उत्तीर्ण झाला. चित्रकला, टेबल टेनिस, मुष्टियुद्ध यांतही गती होती. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र अभ्यासक्रमाबाहेरची आहे.

‘द हेक्टिक्स’

१९५८ च्या सुमारास सेंट पीटर्समधील पाच विद्यार्थ्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ब्रूस मरे गायक, डेरिक ब्रांच गिटारवर, फरांग इराणी बासवर, व्हिक्टरी राणा ड्रमवर आणि फ्रेडी बल्सारा पियानोवर. वय बारा-तेरा वर्षांचे. एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत वाजवत, आणि शेजारच्या शाळेतील मुली श्रोत्यांत असल्या की उत्साह द्विगुणित होई, असे सोबत्यांनी पुढे सांगितले आहे.

ही गाणी पाचगणीपर्यंत पोहोचली कशी? बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणी मंत्री होते आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतेही हद्दपार झाली होती. तेथे रॉक अँड रोलला कोण विचारतो! ही पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. हिंदी गीतांसाठी वऱ्हाडातील घराघरांत जी ‘बिनाका गीतमाला’ ऐकली जाई, तिचेच एक भावंड पाश्चात्त्य गीतांचे होते. एखादे गाणे रेडिओवर एकदा ऐकून फ्रेडी ते पियानोवर हुबेहूब वाजवत असे, ही आठवण अनेक वर्गमित्रांनी सांगितली आहे. ‘एकदा’ आणि ‘हुबेहूब’ या शब्दांतील अतिशयोक्ती वजा केली तरी कानाने ऐकून उचलण्याची सवय शिल्लक राहते. पियानोच्या तासाला समोर लिखित स्वरलिपी असे. बँडमध्ये ती नव्हती.

हेक्टिक्सकडे वाद्येही पुरती नव्हती. चहाच्या लाकडी खोक्याला दांडा आणि एक तार लावून बास तयार केला होता. यात कोणी पाचगणीचे मागासलेपण पाहील. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९५६ मध्ये लॉनी डोनेगनच्या यशानंतर इंग्लंडभर ‘स्किफल’ची लाट आली, तिचे वैशिष्ट्यच हे होते की गिटारखेरीज बाकीची वाद्ये घरातल्या वस्तूंची असत आणि चहाचे खोके त्यांत मानाचे स्थान मिळवून होते. जॉन लेननने लिव्हरपूलच्या शाळेत ‘क्वॉरीमेन’ हा बँड काढला तो १९५६ मध्येच. म्हणजे ज्या बँडमधून पुढे बीटल्स उदयास आले, तो आणि पाचगणीचा बँड यांत दोन वर्षांचे अंतर आहे आणि साहित्य जवळपास सारखे. ज्या क्लिफ रिचर्डचे अनुकरण ही मुले करत, तोही लखनौत जन्मलेला, हे येथे नोंदवले पाहिजे. बीटल्सचा आरंभीचा ड्रमवादक पीट बेस्ट मद्रासचा. ब्रिटिश रॉकची वंशावळ वाटते तितकी बेटापुरती नाही.

हेक्टिक्सचा मुख्य गायक मात्र फ्रेडी नव्हता, आणि पाचगणीविषयीच्या अभिमानी लेखनात नेमकी हीच गोष्ट झाकली जाते. तो मागे पियानोवर बसे आणि क्वचित गळ्याची साथ देई. आपल्या भजनी मंडळांत बुवांच्या मागे बसून पेटी धरणारा मुलगा जे शिकतो ते या भूमिकेतून शिकता येते: गाणाऱ्याचा श्वास कोठे संपतो, ठेका सुटला तर सावरायचे कसे, श्रोत्यांचे लक्ष कशाने बांधले जाते. क्वीनच्या गाण्यांत पुढे ज्या बहुपदरी स्वररचना आढळतात, त्यांचा उगम हेक्टिक्समध्ये शोधणे धाडसाचे होईल. पण बँड म्हणजे काय, त्यात आपली जागा कशी शोधायची, याचा पहिला पाठ तेथे मिळाला, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आठवणींचे मोल

हेक्टिक्सविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग फ्रेडी मर्क्युरी प्रसिद्ध झाल्यानंतर, किंबहुना २४ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर, सांगितलेल्या आठवणींतून आला आहे. त्यांनी स्वतः मुलाखतींत या वर्षांविषयी फारच थोडे बोलणे पसंत केले. कीर्ती ही मागे जाऊनही प्रकाश टाकते. लाजरा वर्गमित्र पन्नास वर्षांनी ‘तेव्हाच दिसत होते’ अशा रूपात आठवतो. सोबत्यांच्या पुढील आयुष्याने या कथेत आणखी रंग भरला. राणा नेपाळच्या सैन्यात मेजर जनरल झाले आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व त्यांनी केले. ब्रांच इंग्लंडमध्ये अभिनेते झाले. तेथील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेत त्यांच्या पात्राचे नाव ‘गुप्ते’ होते, ही मराठी वाचकाला गंमत वाटेल. इराणींनी पुण्यात उपाहारगृह चालवले. या सर्वांच्या आठवणी मोलाच्या आहेत, मात्र जेथे त्या परस्परांशी जुळतात तेथेच त्यांवर भार टाकावा. वाद्यवाटप, गाण्यांची निवड, शाळेच्या समारंभांतील सादरीकरण यांबाबत त्या जुळतात. प्रतिभेच्या भविष्यवाण्या वगळाव्यात.

शाळा १९६३ च्या आरंभी सुटली. अखेरच्या परीक्षेत त्याला यश आले नव्हते. तो झांझिबारला परतला आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती होऊन सुलतानाची राजवट उलथली. बल्सारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टम येथे गेले. त्या घरावर २०१६ मध्ये ‘इंग्लिश हेरिटेज’ने स्मृतिफलक लावला. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर निर्बंध आणले होते, आणि एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांच्या भाषणाने स्थलांतरितांविरुद्धचे वातावरण तापले. फारोख बल्सारा त्या वेळी ईलिंग येथील कला महाविद्यालयात आलेखन शिकत होता.

इंग्लंडमधील शाळकरी बँड

दुसऱ्या बाजूला काय घडत होते? लंडनच्या हॅम्प्टन भागातील ग्रामर स्कूलचा विद्यार्थी ब्रायन मे याने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार घडवायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड आणि मोटारसायकलच्या स्प्रिंगा हे तिचे साहित्य. पाचगणीच्या चहाच्या खोक्याशेजारी ही गिटार ठेवून पाहावी. १९६४ मध्ये मे आणि टिम स्टाफेल यांनी ‘१९८४’ हा बँड काढला. नाव ऑर्वेलच्या कादंबरीवरून. कॉर्नवॉलमधील ट्रुरो येथे वाढलेला रॉजर टेलर बालवयातच स्किफलच्या गटात होता, आणि लेस्टरजवळच्या जॉन डीकनने १९६५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, सोबत्यांसह ‘द ऑपोझिशन’ सुरू केला. चार मुले, चार गावे. शिक्षणाचा अधिकृत विषय कोणाचाही रॉक नव्हता. मे भौतिकशास्त्राकडे वळला, टेलर दंतवैद्यकाकडे, डीकन इलेक्ट्रॉनिक्सकडे.

१९६८ मध्ये इम्पीरियल कॉलेजच्या फलकावर ड्रमवादक हवा असल्याची सूचना लागली, तिच्यातून टेलर मिळाला आणि मे, स्टाफेल व टेलर यांचा ‘स्माइल’ उभा राहिला. स्टाफेल ईलिंगला शिकत असे; तोच या मंडळीत फ्रेडीला घेऊन आला. २०१८ च्या चित्रपटात स्टाफेल सोडून जातो त्याच रात्री फ्रेडी दाखल होताना दिसतो. वास्तवात तो बराच काळ आसपास होता. त्यांचे कार्यक्रम ऐकत होता, सल्ले देत होता, टेलरसोबत केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा चालवत होता. १९६९ मध्ये लिव्हरपूलच्या ‘आयबेक्स’ बँडात तो गायक म्हणून उभा राहिला. पियानोमागून ध्वनिक्षेपकासमोर येण्याचा हा प्रवास दहा वर्षांचा आहे आणि तो पाचगणीत नव्हे, इंग्लंडात पूर्ण झाला.

१९७० मध्ये स्टाफेल बाहेर पडला, फ्रेडी आला आणि ‘क्वीन’ हे नाव त्यानेच सुचवले. इतरांना ते पटवून द्यावे लागले. २७ जून १९७० रोजी ट्रुरोच्या सिटी हॉलमध्ये रेड क्रॉसच्या मदतीसाठी टेलरच्या आईने ठरवलेला कार्यक्रम झाला. तो आधी ठरल्यामुळे जाहिरात ‘स्माइल’ याच नावाने होती. बासवादक टिकेनात, तीन येऊन गेले. डीकन १९७१ च्या आरंभी मिळाला आणि त्या वर्षीच्या २ जुलैला चौघे प्रथमच एकत्र वाजले, तेही सरे परगण्यातील एका महाविद्यालयात. ईलिंगमधील शिक्षण वाया गेले नाही. बँडचे मानचिन्ह फ्रेडीनेच रेखाटले. त्यात चौघांच्या राशी आहेत: दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीच्या जागी दोन पऱ्या, आणि वर पंख पसरलेला फिनिक्स.

याच काळात बल्सारा हे आडनाव मागे पडून मर्क्युरी आले. पॉवेलच्या इंग्लंडात परके वाटणारे नाव टाकण्याची गरज त्यामागे होती, असा तर्क सहज सुचतो. पण टोपणनाव घेणे ही रंगभूमीची जुनी रीत आहे. हॅरी वेबनेही क्लिफ रिचर्ड होणे पसंत केले होते. हेतूविषयी निर्णय देण्याइतका आधार नाही. पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका १३ जुलै १९७३ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर बल्सारा हे नाव कोठेही नाही. मात्र बदललेले नाव त्याचे एकट्याचेच नव्हते, कारण जॉन डीकनचेही नाव तेथे उलटून ‘डीकन जॉन’ असे छापलेले आहे.