ओझोनची वही

मी कोल्हापूरचा. हवा खराब म्हटलं की मला गुऱ्हाळाचा धूर, पेटवलेला उसाचा पाला आणि महाद्वार रोडवरच्या गाड्या आठवतात. ओझोन आठवत नाही. शाळेत शिकलेला ओझोन वर आकाशात होता, आपल्याला उन्हापासून वाचवणारा.

तोच वायू जमिनीलगत आला की फुप्फुसांना त्रास देतो. तो कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाची वाफ यांच्यावर ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो. म्हणून दुपारी वाढतो आणि ढगाळ पावसाळ्यात उतरतो. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये आरी हागेन-स्मिट यांनी ही साखळी उलगडली.

पण त्यातून एक पेच उभा राहतो. यंदा ओझोन घटला, तर श्रेय कायद्याचं की ढगांचं?

१९७५ साली जॉर्ज बॉक्स आणि जॉर्ज टियाओ या संख्याशास्त्रज्ञांनी याचं उत्तर दिलं. त्यांच्यासमोर लॉस एंजेलिसचे १९५५ ते १९७२ चे मासिक आकडे होते, एकूण २१६ महिने. १९६० मध्ये तिथे नवा महामार्ग खुला झाला होता आणि पेट्रोलमधल्या घटकांवर बंधन आलं होतं. १९६६ पासून नव्या गाड्यांची इंजिनं बदलली. दोघांनी आधी हिशेब मांडला, की या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याशी आणि गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी किती बांधलेला असतो. तो भाग बाजूला काढून उरलेलं पाहिलं. १९६० नंतर पातळी दहा कोटी भागांत साधारण एक भागाने उतरली होती. १९६६ नंतर उन्हाळ्यातला ओझोन दरवर्षी थोडा थोडा घटत गेला, हिवाळ्यात मात्र फरक पुसट होता.

अशा मॉडेलमधल्या अज्ञात संख्या ठरवायची एक मुख्य पद्धत म्हणजे, हाती आलेले आकडे ज्या संख्यांमुळे सर्वांत संभाव्य ठरतात, त्या निवडायच्या. हे समीकरण सोडवताना कधी एकाहून अधिक उत्तरं येतात. काही अटी पाळल्या, तर आकडे वाढत जातील तसं सत्याजवळ जाणारं उत्तर एकच असतं, हे १९४८ मध्ये वसंत शंकर हुजुरबाजार यांनी सिद्ध केलं. त्यांचा जन्म १९१९ चा, कोल्हापूरचा. पुढे १९५३ मध्ये त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला.

त्या सिद्धतेतले तीन शब्द मला महत्त्वाचे वाटतात : आकडे वाढत जातील.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूरचं नाव आलं. त्याचं उद्दिष्ट धूळ कमी करण्याचं. ओझोनची मर्यादा २००९ मध्येच ठरली आहे : आठ तासांची सरासरी, घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम. पण देशातल्या हाताने नमुने घेणाऱ्या जुन्या केंद्रांवर मुख्यतः सल्फर डायॉक्साइड, नायट्रोजन डायॉक्साइड आणि धूळ मोजतात. म्हणजे ओझोनच्या आईबापांपैकी एकाची नोंद होते, लेकराची नाही. फोनवर दिसणारा हवेचा निर्देशांकही मोजलेल्यांपैकी सर्वांत वाईट घटकावरून ठरतो. जे मोजलंच नाही, ते त्यात कुठून येणार?

१९५५ मध्ये लॉस एंजेलिसचा आकडा लिहून ठेवणाऱ्याला वीस वर्षांनी बॉक्स आणि टियाओ येणार हे ठाऊक नव्हतं. त्याने फक्त त्या दिवसाची नोंद केली. मॉडेल नंतरही करता येतं. एप्रिलमधली न मोजलेली दुपार मात्र नंतर मोजता येत नाही.