कार्शॉल्टनचा मनोरा: पाणी वर कुणी चढवलं?

पाण्याचा धर्म खाली वाहण्याचा. ते वर चढवायचं म्हटलं की कुणाची तरी ताकद खर्ची पडते. एवढी साधी गोष्ट ध्यानात ठेवून आज आपण कार्शॉल्टनच्या पाण्याच्या मनोऱ्याकडे पाहू.

हे गाव लंडनच्या दक्षिणेला, तेव्हाच्या सरे परगण्यात. तिथल्या कार्शॉल्टन हाउसच्या बागेत १७२० च्या सुमारास सर जॉन फेलोज यांनी हा विटांचा मनोरा बांधवला. आतली योजना अगदी सरळ. प्रवाहावर पाणचक्र फिरायचं, त्याच्या जोरावर पंप चालायचे, पाणी माथ्यावरच्या टाकीत चढायचं आणि तिथून स्वतःच्याच भाराने वाड्यात नि बागेत उतरायचं. याच इमारतीत बैठकीचं दालन आहे, थंडीत संत्र्याची झाडं जपायची खोली आहे आणि टाइल्सने मढवलेला डुंबायचा हौदही आहे.

पण हे फेलोज कोण? साउथ सी कंपनीचे उपप्रमुख. कंपनी १७११ ची. १७१३ मध्ये ब्रिटनला स्पॅनिश अमेरिकेत आफ्रिकी गुलाम पुरवण्याचा मक्ता मिळाला, तो या कंपनीकडे आला. पुढे १७२० मध्ये तिचा शेअर सुमारे १२८ पौंडांवरून हजाराच्या आसपास चढला आणि वर्ष सरता सरता पुन्हा खाली आपटला. हजारो घरं बुडाली. १७२१ मध्ये संसदेने संचालकांची मालमत्ता जप्त केली. फेलोज यांच्या सुमारे २ लाख ४३ हजार पौंडांपैकी त्यांच्याकडे १० हजार राहू दिले.

म्हणजे न्याय झाला, असं आपण म्हणतो. पण कुणाला? ज्यांचे पैसे बुडाले, त्यांची तक्रार ऐकली गेली. जे विकले गेले, ते तक्रारदार म्हणून मोजलेच गेले नाहीत. मनोऱ्याची कुठली वीट कुठल्या पैशाची, हे आपल्याला सांगता येणार नाही, आणि तसा आव आणूही नये. मात्र हिशेब मांडताना वहीत कुणाचं नाव येतं नि कुणाचं येतच नाही, हे विचारणं इतिहासाचं काम आहे.

वाड्यात आज मुलींची शाळा आहे. मनोरा जपलेला आहे, आणि तो जपलाच पाहिजे. जाल तेव्हा टाकीकडे पाहा, कारागिरीला दाद द्या. फक्त चक्राला जोर कुठून आला, हेही विचारा.