एआय आणि मशीन लर्निंग शिकायचे आहे? फी भरण्याआधी हे वाचा

'सहा महिन्यांत एआय तज्ज्ञ व्हा, नोकरीची हमी' अशा जाहिराती आता सगळीकडे दिसतात. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेले तरुण कर्ज काढून अशा क्लासची फी भरतात, हे वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो. क्षेत्र खरे आहे आणि संधीही आहेत; पण रस्ता समजून घेतला तर बराचसा खर्च टळतो.

नेमके काय शिकायचे?
'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव १९५६ च्या डार्टमथ परिषदेपासून रूढ झाले. मशीन लर्निंग हा त्याचाच एक भाग. यात संगणकाला प्रत्येक नियम लिहून देत नाहीत. हजारो उदाहरणे देतात आणि तो त्यातून नियम शोधतो. उदाहरणांवरून निष्कर्ष काढणे म्हणजे संख्याशास्त्र. म्हणूनच गणिताला बगल देऊन हे क्षेत्र येत नाही.

क्रम असा ठेवा
१. बारावीपर्यंतचे गणित: संभाव्यता, सरासरी व विचलन, मॅट्रिक्स.
२. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि माहितीसाठ्यासाठी एसक्यूएल.
३. माहिती साफ करणे आणि आलेख काढणे. प्रत्यक्ष कामात बराच वेळ यातच जातो.
४. त्यानंतर मशीन लर्निंगच्या पद्धती.
५. स्वतःचे दोन-तीन प्रकल्प. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा यावर जास्त बोलता येते.

रोज दोन तास दिले तरी वर्षभर लागेल असे धरून चाला. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांनी दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर डेटा अॅनालिस्टच्या कामासाठी अर्ज करायला हरकत नाही.

कुठे शिकायचे?
केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर आणि 'एनपीटीईएल'वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मोफत आहेत. फी फक्त परीक्षा द्यायची असेल तरच. 'कॅगल'वर छोटे अभ्यासक्रम आणि सरावाची माहिती फुकट मिळते. महागडा लॅपटॉप नसला तरी 'गुगल कोलॅब'वर ब्राउझरमध्येच प्रोग्रॅम चालवता येतो. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही, पात्रता परीक्षा मात्र द्यावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि कमी उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

आपण तिथे का हवे?
२०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि तिमनित गेब्रू या संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाले, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. यंत्र जुन्या माहितीवर शिकते. त्या माहितीत भेदभाव असेल तर तोही शिकते. आपल्याकडे आडनाव आणि पत्ता यातून जात कळते. उद्या नोकरीचे अर्ज किंवा कर्जाची प्रकरणे यंत्राने चाळली, तर ही चूक कोणाच्या लक्षात येईल? ज्याने ती भोगली आहे, त्याच्या लवकर येईल. पण ती पुराव्यानिशी दाखवायला गणित आणि पायथन यावेच लागेल.

कार्यकर्त्यांना एकच सुचवतो: वस्तीतल्या अभ्यासिकेत एक संगणक, इंटरनेट आणि आठवड्यातून दोन दिवसांचा गणिताचा गट सुरू करा. एकट्याने सुरू केलेला अभ्यास अर्ध्यावर सुटतो, गटाने केलेला टिकतो.