आयएसआरसी (इंडियन सायंटिस्ट्स रिस्पॉन्स टू कोविड-१९)

करोना महासाथीच्या आरंभी, मार्च २०२० मध्ये, भारतातील शास्त्रज्ञांनी आपणहून उभा केलेला स्वयंसेवी गट. आजाराबद्दलची खोटी आणि दिशाभूल करणारी माहिती खोडून काढणे, शास्त्रीय माहिती भारतीय भाषांतून सोपी करून देणे आणि साथीच्या प्रसाराची गणिती प्रारूपे मांडणे ही त्याची मुख्य कामे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुण्याची आयुका, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, बंगळूरूची राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र ही संस्था, तसेच अनेक आयआयटी व आयसर यांतील शेकडो संशोधक काही आठवड्यांतच त्यात सामील झाले. विषाणूतज्ज्ञांच्या जोडीला भौतिकी, गणित आणि खगोलशास्त्रातली मंडळीही मोठ्या संख्येने होती. अफवा खोडणाऱ्या उपगटात होमी भाभा केंद्रातील खगोलशास्त्रज्ञ अनिकेत सुळे यांचा सहभाग होता.

पार्श्वभूमी : जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रॉस गेब्रेयेसस यांनी साथीइतकीच माहितीची साथही धोक्याची असल्याचा इशारा फेब्रुवारी २०२० मध्ये म्युनिक येथे दिला होता. महाराष्ट्राला या माहितीच्या साथीचा चटका लगेचच बसला. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागले आणि चिकनचे भाव कोसळले. पोल्ट्रीवाल्यांवर माल फुकट वाटण्याची, काही ठिकाणी पिल्ले पुरून टाकण्याची पाळी आली. राज्यात करोनाचा पहिला रुग्ण सापडण्याआधीच हे नुकसान सुरू झाले होते.

कार्यपद्धती : अफवा एका विद्याशाखेची हद्द पाळत नाही, म्हणून एकटा तज्ज्ञ तिला पुरा पडत नाही. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूचेच उदाहरण घ्यावे. सकाळी ७ ते रात्री ९ असा तो १४ तासांचा होता. ‘विषाणू पृष्ठभागावर १२ तास जगतो, लोक १४ तास घरात बसले की साखळी तुटली’, हा संदेश त्या आठवड्यात घरोघरी पोचला. त्याला जोडून, त्या संध्याकाळी वाजवायच्या टाळ्या-थाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो, अशी पुस्ती आली. पहिल्या दाव्याला विषाणूतज्ज्ञाचे उत्तर हवे : प्लास्टिक व स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत टिकल्याचे प्रयोगांत दिसले होते. साथरोगतज्ज्ञाचे उत्तर त्याहून महत्त्वाचे, कारण विषाणूचा खरा मुक्काम दाराच्या कडीवर नसून माणसाच्या शरीरात असतो आणि लक्षणे दिसायला १४ दिवसही लागू शकतात. कंपनांचा मुद्दा भौतिकीवाल्यांकडे जातो.

५ एप्रिलच्या रात्री ९ वाजता ९ मिनिटे दिवे लावण्याच्या पंतप्रधानांच्या आवाहनानंतर आणखी एक संदेश फिरला : १३० कोटी मेणबत्त्या एकदम पेटल्या की तापमान ९ अंशांनी वाढेल आणि विषाणू नष्ट होईल. संदेशात आयआयटीच्या कोणा प्राध्यापकाचा हवाला होता, पण त्याचे नाव नव्हते. हा हिशेब कागदावर चार ओळींत निकालात निघतो. एका मेणबत्तीतून साधारण ८० वॉट उष्णता निघते. १३० कोटींची मिळून सुमारे १०,४०० कोटी वॉट होते. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर असल्याने दर चौरस मीटरला ०.०३ वॉट येते. भर दुपारचे ऊन तेवढ्याच जागेवर सुमारे १,००० वॉट ओतत असते. शिवाय हा विषाणू ३७ अंशांच्या मानवी शरीरात मजेत वाढतो, ते वेगळेच.

गटाचे सर्वांत धाडसाचे काम मात्र असल्या गमतीदार दाव्यांपलीकडचे आहे. तबलिगी जमात या मुस्लीम धर्मप्रचारक संघटनेच्या दिल्लीतील मेळाव्यानंतर देशातल्या साथीचे खापर एका समाजावर फुटू लागले. उपलब्ध आकडेवारी या तर्काला आधार देत नाही, असे निवेदन गटाने एप्रिल २०२० मध्ये काढले. एखाद्या गटाच्या चाचण्या जास्त झाल्या की रुग्णही त्याच गटात जास्त सापडतात. चाचण्या किती झाल्या हे न सांगता नुसती बाधितांची संख्या रोज जाहीर केली तर ती खरी असूनही दिशाभूल करते. दिव्यांच्या अफवेवर हसणारे बरेच होते, या निवेदनाच्या बाजूने बोलणारे थोडे.

प्रारूपांच्या कामात पुणे विद्यापीठातील संशोधकांचा वाटा होता. ‘इंडसाय-सिम’ हे भारतासाठीचे प्रारूप त्यातून पुढे आले. खुलाशांचे अनुवाद मराठीसह अनेक भाषांत झाले.

पूर्वपीठिका : तज्ज्ञांनी अफवेच्या जागी जाऊन तिचा छडा लावण्याची परंपरा भारतात जुनी आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली, तेव्हा केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यातील शास्त्रज्ञांनी दिल्लीतील एका देवळात रंग मिसळलेले दूध मूर्तीपुढे धरले. चमच्यातून ओढले गेलेले दूध मूर्तीवरून खाली ओघळताना रंगामुळे दिसले. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांचा तो परिणाम होता. त्या वेळी वार्ता पसरायला टेलिफोन पुरला होता.

मर्यादा : खुलासा पोचण्याचा वेग ही गटाची कायमची अडचण. शास्त्रज्ञांचे उत्तर तपासून, एकमेकांकडून दुरुस्त होऊन, अनुवाद होऊन निघेपर्यंत मूळ संदेश कुटुंबाच्या ग्रुपांवर फिरून जुनाही झालेला असे. ‘अमेरिकेतल्या डॉक्टर मावशीं’च्या आवाजातली ध्वनिफीत जितकी ऐकली जाते, तितके तळटिपांसह आलेले निवेदन वाचले जात नाही. दुसरी अडचण आकडेवारीची. साथीची तपशीलवार माहिती संशोधकांना खुली करावी, अशी विनंती देशातील शेकडो शास्त्रज्ञांना एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, पंतप्रधानांकडे करावी लागली. हे आवाहन आयएसआरसीपुरते नव्हते, तरी दुखणे तेच होते.

समांतर व नंतरचे प्रयत्न : टाटा मूलभूत संशोधन संस्था, भारतीय विज्ञान संस्था आणि टाटा मेमोरियल केंद्र यांच्या पुढाकाराने एप्रिल २०२० मध्ये ‘कोविडज्ञान’ हा बहुभाषिक उपक्रम सुरू झाला. तथ्य पडताळणाऱ्या पत्रकारांची फळी निराळी होती. पॉइंटर या अमेरिकी पत्रकारिता संस्थेच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने त्याच वर्षी जगभरच्या शंभराहून अधिक पडताळणी-गटांना करोनाच्या कामासाठी एकत्र आणले. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले आवाज आणि चित्रफिती आल्यावर पत्रकारांनाच प्रयोगशाळेची गरज भासू लागली. भारतातील पडताळणी-संस्थांच्या ‘मिसइन्फर्मेशन कॉम्बॅट अलायन्स’ने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी डीपफेक तपासणारा कक्ष सुरू केला. त्यात नागरिकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली संशयित फीत पत्रकार आणि न्यायवैद्यक तंत्रज्ञ मिळून तपासतात. सुरुवातीला ही सोय इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या चारच भाषांत होती.