शंकासुराच्या फुलाची साक्ष

फुलांची चित्रे म्हणजे केवळ दिवाणखान्याची शोभा, असा समज रूढ आहे. सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये स्त्रियांनी जलरंगांत रेखाटलेली वनस्पतिचित्रे पाहिली, की तो समज आम्हांला अपुरा वाटू लागतो.

या चित्रकर्त्रींमध्ये मारिया सिबिला मेरियन अग्रगण्य होय. तिचा जन्म १६४७ मध्ये फ्रँकफुर्ट येथे झाला. फुलांची चित्रे काढणारे याकोब मारेल हे तिचे सावत्र पिता व पहिले गुरू. विवाहानंतर ती न्युरेंबर्गला राहिली. तेथे तैलरंगांत चित्रे करून विकण्याचा हक्क पुरुषांपुरता राखलेला होता; जलरंगांची वाट मात्र स्त्रियांना मोकळी होती. १६९१ मध्ये ती दोन्ही मुलींसह आम्स्टरडॅमला आली. जहाजांतून येणाऱ्या दूरदेशीच्या वनस्पतींनी तेथील उद्याने बहरली होती. आलिदा विथूस, मारिया मोनिंक्स आणि मेरियनची थोरली कन्या योहाना या त्यांची चित्रे रेखाटीत.

उद्यानात आलेले रोप पाहून मेरियनचे समाधान होईना. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकटी कन्या दोरोतेया हिला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत गेली. झाड, त्यावर जगणारा सुरवंट, त्याचा कोश आणि पतंग हे सारे तिने एकाच चित्रात आणले. आजारपणामुळे १७०१ मध्ये तिला परतावे लागले. १७०५ मध्ये साठ चित्रांचा तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यातील पंचेचाळिसावे चित्र आपल्या अंगणातल्या शंकासुराचे आहे. त्यासोबत मेरियन लिहिते, की मालकांच्या छळाने गांजलेल्या गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया घेऊन गर्भ पाडीत. आपली मुले गुलाम होऊ नयेत, एवढीच त्यांची इच्छा. हे तिला त्या स्त्रियांनीच सांगितले होते.

हे वाचून मन विषण्ण होते. मातेला बाळाचा जन्म हीच शिक्षा वाटावी, अशी ती व्यवस्था होती. मेरियनही तिच्यापासून अलिप्त नव्हती; रानात तिच्यापुढे वाट तोडीत गुलामच चालत. तिने त्या स्त्रियांची नावे नोंदवली नाहीत. पण त्यांचे म्हणणे लिहून ठेवले. म्हणूनच ते तीन शतकांनंतर आपल्यापर्यंत पोहोचले. त्या फुलाच्या सौंदर्याबरोबर त्या मातांचे दुःखही आपण स्मरणात ठेवावे, असे आम्हांला वाटते.